तारेखालून गेलेला टेप

वन्संना कुणी रस्ता विचारला की वहिनी आधीच दुसरीकडे बघू लागे, नाहीतर हसू फुटायचं. ‘पुढे जाऊन डावीकडे वळा’ असं साधं उत्तर त्या बाईच्या तोंडून कधी निघालंच नाही. पोस्टापासून एकशे चाळीस मीटर सरळ, मग डावीकडे साठ, असं त्या सांगत. विचारणारा मान डोलवून निघे आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या कुणालातरी गाठे. वहिनीला हसू येई, पण त्या हसण्याच्या पोटात अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही. वन्सं एकशे चाळीस म्हणाल्या की ते एकशे चाळीसच असणार. असं माणूस काही प्रत्येक घरात नसतं.

चौतीस वर्षं वन्संनी भूमापन खात्यात जमिनी मोजल्या. नोकरीला लागल्या तेव्हा कचेरीतल्या पुरुषांनी मोठ्या मायेने त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं, रंगीत पेन्सिली दिल्या आणि नकाशांवर गावांची नावं लिहायला सांगितलं. आठवडाभर त्यांनी नावं लिहिली. सोमवारी त्या गमबूट घालून आल्या आणि मोजणीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तिथून त्यांना उतरवायची कुणाची छाती झाली नाही. पुढे कचेरीने त्यांचं नाव ‘ओळंबा’ ठेवलं. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

लग्न त्यांनी केलं नाही. त्यावर नातेवाइकांचे सुस्कारे टाकून झाले, सल्ले देऊन झाले, मग विषयच शिळा झाला. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, वहिनी आणि वन्सं असं तिघांचं घर. दादा-वहिनीची मुलं नोकरीसाठी बाहेरगावी. निवृत्तीच्या दिवशी खात्याने वन्संना एक पितळी पाटी दिली. चौतीस वर्षांत यांचा एकही नकाशा चुकीचा ठरला नाही, असं तिच्यावर कोरलेलं होतं. ती पाटी दादांनी स्वतःच्या हाताने बैठकीच्या खोलीत ठोकली. वन्संनी ती दोनदा काढायला लावून सरळ करून घेतली.

वहिनीचाही टेपशी संबंध होता, पण तिचा टेप कापडी. ती शिवणकाम करी. गेली दोन वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी ती सीमेवरच्या छावणीत बायकांना शिवण शिकवायला जाई. बसने पाऊण तासाचा रस्ता. पलीकडच्या देशात लढाई पेटली तेव्हा जीव घेऊन पळालेली माणसं तिथे राहत. सहा महिन्यांपुरत्या म्हणून पत्र्याच्या खोल्यांच्या बारा ओळी उभ्या केल्या, त्याला आता अकरा वर्षं होत आली होती. पत्रे गंजले, तिथे जन्मलेली मुलं पाढे म्हणू लागली, पण सरकारी कागदावर छावणी तात्पुरतीच राहिली. तात्पुरत्या जागेला कायमच्या सोयी द्यायच्या नाहीत, असा नियमच होता.

वहिनीच्या वर्गात एक बाई दर वेळी उशिरा येई. आपल्या देशात ती शाळेत गणित शिकवायची, म्हणून छावणीत सगळे तिला शिक्षिका म्हणत. हात सुबक, टाका बारीक, पण येणार अर्धा वर्ग संपल्यावर. एकदा वहिनीने टोकलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की पाण्याला गेले होते. नवव्या ओळीत राहते, घरात आई अंथरुणाला खिळलेली, दिवसाला पाण्याच्या चार खेपा लागतात.

संध्याकाळी जेवताना वहिनीने हे सांगितलं आणि वन्संनी मान वर न करता निकाल दिला, की असं होणार नाही. नवव्या ओळीपासून नळकोंडाळं दोनशे दहा मीटरवर आहे. नियमाची मर्यादा अडीचशे. छावणीचा नकाशा त्यांनीच काढला होता, ओळन् ओळ त्यांना पाठ होती.

“मग ती बाई खोटं बोलते?” वहिनीने विचारलं.

“तसं मी म्हटलं नाही. वाटेत गप्पा मारत थांबत असेल.”

दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन कोण गप्पा मारतं, असं वहिनीने सुनावलं. मग शब्दाला शब्द वाढला. दादा ताटातली भाजी दुसऱ्यांदा वाढून घेऊन गप्प बसले. या दोघींच्या मध्ये पडणाऱ्याची काय गत होते, हे ते तीस वर्षांत शिकले होते. शेवटी वन्सं म्हणाल्या, की नकाशाला माया नसते आणि रागही नसतो, तो असतं तेवढंच सांगतो.

“वन्सं, आम्ही गिऱ्हाइकाची कंबर मोजतो ना,” वहिनी म्हणाली, “तेव्हा टेप पोटातून आरपार नाही नेत. भोवतीनं नेतो. माणूस जसा आहे तसा.”

वन्संचा घास हातातच राहिला. शुक्रवारी सकाळी वहिनी बसथांब्यावर पोचली, तर गमबूट घातलेल्या वन्सं आधीच रांगेत उभ्या होत्या.

शिक्षिकेच्या खोलीच्या दारात उभं राहिलं की नळ समोर दिसे. नुसता दिसे असं नाही, शांत वेळी त्याखाली डबा ठेवल्याचा आवाजही ऐकू येई. पण मध्ये काटेरी तार होती. पहिल्या वर्षी नवीन आलेल्यांची चौकशी होईपर्यंत त्यांना वेगळं ठेवायचं म्हणून छावणीच्या पोटातून ही दुसरी तार घातली होती. चौकशी कधीच संपली, तार तशीच राहिली. तिला एकच फाटक, तेही दुसऱ्या टोकाला, आणि ते सकाळी आठ ते दुपारी चारपर्यंतच उघडं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा या माणसांना रोज खरोखरीचा घालावा लागत होता.

वन्संनी शिक्षिकेच्या हातातला एक रिकामा डबा घेतला आणि तिच्या मागोमाग चालू लागल्या. ओठ हलत होते. त्यांची शंभर पावलं म्हणजे पासष्ट मीटर, हे त्यांनी तरुणपणीच बसवून घेतलं होतं. फाटकापाशी रांग होती, तिथे पंचवीस मिनिटं गेली. नळापाशी पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहिनीला आकडा सांगितला. दोन हजार साठ पावलं. तेराशे एकोणचाळीस मीटर. परतताना डबा भरलेला होता. वाटेत त्यांनी तो तीनदा खाली ठेवला, हात बदलला, पण शिक्षिका मागू लागली तरी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी खात्याच्या जुन्या कागदांच्या खोलीत जाऊन त्या आपला नकाशा बघून आल्या. वहिनी मशीनवर बसली होती. वन्सं स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. वहिनीने पाय थांबवला.

“तार तेव्हाही होती, वहिनी. मी नकाशात काढलीय ती, बारीक रेघ. टेप धरणाऱ्यानं विचारलं, बाई, तार मध्ये येतेय. मी म्हटलं, खालून घाल. दोनशे दहा भरलं, मी लिहिलं. टेप तारेखालून गेला.” मशीनवरचा कापडी टेप हातात घेऊन त्या म्हणाल्या, “टेप जातो. माणूस जात नाही.”

मोजणीच्या धंद्यात ही चूक नव्हेच. जमिनीचं अंतर सरळ रेषेतच मोजायचं असतं. मध्ये ओढा असो, भिंत असो, रेघ त्यांच्यातून आरपार जाते. दुसरा कुणी असता तर हे सांगून मोकळा झाला असता, आणि खातं त्याच्या पाठीशी उभं राहिलं असतं. वन्संनी मात्र त्या एका आकड्याचं पुढे काय झालं ते शोधलं. दोनशे दहा, म्हणजे नियमात बसतं. म्हणून नवव्या ते बाराव्या ओळीला अकरा वर्षांत नवीन नळ मंजूर झाला नाही. त्या ओळींमधून एकोणीस अर्ज गेले होते. प्रत्येकावर एकच शेरा होता, नकाशाप्रमाणे अंतर योग्य.

आणि घाई करण्याजोगं एक कारणही होतं. सीमेवरच्या सगळ्या छावण्यांचे पुढच्या पाच वर्षांचे नियम ठरवायला सरकारने समिती नेमली होती, आणि महिनाभराने ती या शहरात लोकांचं म्हणणं ऐकणार होती. छावणीच्या कार्यालयाने आपला अहवाल आधीच पाठवला होता: सोयी पुरेशा आहेत, आहे तेच चालू ठेवावं. समितीने मान हलवली की आणखी पाच वर्षं शिक्षिका रोज साडेदहा किलोमीटरच्या वर चालणार होती.

वन्संनी सगळी छावणी पुन्हा मोजायला घेतली. वहिनी टेपचं दुसरं टोक धरायला. पहिल्याच सकाळी एक विपरीत प्रकार झाला. टेप उलगडलेला दिसताच दहाव्या ओळीतल्या माणसांनी सामान बांधायला सुरुवात केली. भांडी पोत्यात, अंथरुणं दोरीने बांधलेली, एक म्हातारा आपल्या खोलीचं दार बिजागरीतून उचकटू लागलेला. मागच्या वेळी टेप आला तेव्हा आठवड्याच्या आत अख्खी ओळ उठवून दुसरीकडे नेली होती, म्हणून. वन्सं जागीच थबकल्या. आपल्या हातातल्या वस्तूला कुणी इतकं भीत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी टेप गुंडाळला आणि त्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. मग शिक्षिकेने सगळ्यांना त्यांच्या भाषेत समजावलं, की या वेळी खोल्या मोजायच्या नाहीत, आपलं चालणं मोजायचं आहे. त्यावर म्हातारा जे बोलला त्याचा अर्थ शिक्षिकेने हसत हसत सांगितला: आधी सांगायचं ना, दार उगाच मोडलं.

तीन आठवडे हे चाललं. कुठल्या दारापासून कुठपर्यंत, किती पावलं, कुठे किती थांबावं लागतं, फाटक बंद झाल्यावर दवाखाना किती लांब. चारनंतर दवाखान्याच्या रकान्यात आकडा येईना, कारण वाटच नव्हती. तिथे काय लिहायचं, असं वन्संनी विचारलं. शिक्षिका म्हणाली, काहीच लिहू नका, रकाना मोकळा ठेवा, समिती विचारेल. वेळांचा सगळा तक्ता तिनेच केला. एकदा तर तिने वन्संची बेरीज तपासली आणि त्यातली चार मीटरची चूक काढली. घरी येताना बसमध्ये वन्सं ते तीनदा बोलल्या, कुणी दागिना द्यावा तशा आनंदात.

छावणीच्या साहेबांनी त्यांना एकदा बोलावून घेतलं. साहेब नवीन, वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी चहा मागवला आणि समजावलं, की तुमच्या भावना पोचल्या, पण मूळ नकाशाला आव्हान देणं सोपं नाही. तो काही कुणी ऐऱ्यागैऱ्याने काढलेला नाही. खात्यात एक बाई होत्या, फार काटेकोर, लोक त्यांना ओळंबा म्हणत. त्यांचा आहे तो.

“हो,” वन्सं म्हणाल्या. “मीच ती.”

साहेबांचा चहा निवला. वहिनीने मात्र आपला सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. असा चहा रोज मिळत नाही.

वन्सं समितीपुढे स्वतःची चूक सांगणार म्हटल्यावर घरी दादांनी विरोध केला. ते रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, असं ते म्हणाले. नळ मागा, फाटक मागा, सह्या गोळा करा, मीही सही करतो. पण आपला नकाशा चुकला हे भर सभेत कशाला सांगायचं? माणसं बाकीचं सगळं विसरतील आणि तेवढंच धरून ठेवतील. वन्संनी ऐकून घेतलं. भावाचं बोलणं खोटं नव्हतं, आणि त्या दोन रात्री नीट झोपल्या नाहीत, हे वहिनीला दिसत होतं. पण तिने काही विचारलं नाही. काही गोष्टींत माणसाला एकटं सोडणं हीच सोबत असते.

समितीची बैठक जिल्हा कचेरीच्या सभागृहात होती. लांब टेबलामागे पाच माणसं, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले काचेचे गोळे, भिंतीला टेकून ठेवलेल्या जादा खुर्च्या. शिक्षिकेला छावणीबाहेर यायचा चार तासांचा परवाना मिळाला होता. पण सुरुवातीलाच अध्यक्षांनी सांगितलं, की इथे फक्त नागरिकांचं म्हणणं नोंदवलं जाईल. वन्संनी नम्रपणे उत्तर दिलं, की ठीक आहे, या माझ्या मोजणीतल्या सहकारी आहेत; आकडे तपासायचे असतील तर उत्तरं यांनाच द्यावी लागतील. समितीतल्या एका बाईंनी लगेच आकडे तपासायला मागितले.

वन्संनी भिंतीवर दोन नकाशे लावले. जुना आणि नवा. एकावर सरळ रेघ, दुसऱ्यावर नागमोडी. त्यांनी मागणी फार थोडक्यात मांडली: आतलं फाटक दिवसरात्र उघडं असावं, तारेला आणखी एक फाटक करावं, चार ओळींना नळ द्यावेत, आणि नियमात जिथे अंतर हा शब्द आहे तिथे माणसाला जी वाट खरोखर उघडी आहे तिच्यावरून, त्याच्या पायाने मोजलेलं अंतर, असं लिहावं. त्या समितीतल्या बाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे रकाना मोकळा का. शिक्षिका उभी राहिली. तिने सांगितलं, की दुपारी चारनंतर तिथे जाता येत नाही. मग पाण्याबद्दलही विचारलं गेलं.

“माझ्या आईनं दिवसातून किती पाणी प्यायचं, ते मी ठरवते,” ती म्हणाली. “मी गणित शिकवलंय, मला ते जमतं. पण कुठल्याच मुलीला असलं गणित करायला लागू नये.”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसू लागले.

खात्यातर्फे आलेले वरिष्ठ वन्संच्या हाताखाली काम केलेले. त्यांना बाईंना सांभाळून घ्यायचं होतं. ते म्हणाले, की नकाशा त्या वेळी बरोबरच होता, नंतर परिस्थिती बदलली, एवढंच नोंदवू. अध्यक्षांनाही ते पटलं. या छावणीचा खास बाब म्हणून विचार करता येईल, असं ते म्हणाले.

वहिनीला दिसलं, की दार उघडलं आहे. वन्संनी नुसतं ‘हो’ म्हणायचं. नळ मिळतील, नावही राहील. पण नियम तसाच राहील, आणि सीमेवरच्या बाकीच्या छावण्यांत टेप तारेखालून जात राहील.

वन्सं उभ्याच होत्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “परिस्थिती बदलली नाही, साहेब. तार तेव्हाही होती आणि मी ती पाहिली होती. टेप तिच्याखालून घालायला मीच सांगितलं. चूक आहे असं लिहा. माझी लिहा, आणि मोजायची रीत चुकली हेही लिहा. खाली सही करते.”

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी मान हलवली, कारकुनाने लिहिलं. वन्संनी वाचून पाहिलं, एका ठिकाणी आकडा दुरुस्त करून घेतला आणि सही केली. मागच्या ओळीत दादा बसले होते. सकाळी ते येणार नाही म्हणाले होते. ते केव्हा आले, वहिनीला कळलं नव्हतं. त्यांची मान ताठ होती आणि डोळे भरले होते.

हुकूम सात आठवड्यांनी आला. सगळं काही मिळालं नाही. आतली तार राहिली, छावणीबाहेर काम करायची परवानगी पुढच्या बैठकीवर गेली, आणि तात्पुरती हा शब्द कागदावरून हलला नाही. त्यासाठीचा अर्ज वन्सं आणि शिक्षिकेने त्याच आठवड्यात लिहायला घेतला. पण फाटक दिवसरात्र उघडं झालं, दुसऱ्या फाटकाची जागा ठरली, चार ओळींना तीन नळ मंजूर झाले. आणि नियमात अंतराची नवी व्याख्या आली, सीमेवरच्या प्रत्येक छावणीसाठी. वन्संचा शब्द न् शब्द घेतला नव्हता, पण पाय हा शब्द राहिला होता. हुकुमाच्या शेवटच्या पानावर मूळ नकाशा सदोष असल्याचं नमूद केलं होतं, खाली काढणाऱ्याच्या नावासकट.

ही बातमी गल्लीत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. दादा म्हणाले होते तसंच झालं. लोकांनी नळ सोडले आणि नाव धरलं. वहिनी दुकानातून दोऱ्याची रिळं घेत होती, तेव्हा शेजारच्या काकू जवळ सरकल्या. आवाजात काळजी, डोळ्यांत चव.

“काय हो, तुमच्या नणंदेचा म्हणे नकाशा चुकला?”

दुकानदाराने कान टवकारले. वहिनीने रिळं पिशवीत टाकली.

“चुकला ना,” ती म्हणाली. “अकरा वर्षं मोठमोठ्या साहेबांच्या टेबलावरून फिरला तो नकाशा, कुणाला पत्ता नाही. शेवटी आमच्या वन्संनीच चूक शोधली. शोधली, आणि सही करून दिली. तुमच्या पाहण्यात आहे असं कुणी?”

काकूंना एकाएकी घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. वहिनी पिशवी घेऊन दुकानाबाहेर पडली आणि रस्त्याच्या मधोमध, चांगली ऐटीत, घराकडे चालू लागली.